मोठं इंजेक्शन बंद केलं, आता काय करू?

प्रश्न: डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे. चवथ तोंडावर आलेली असताना त्यांना हुडहुडी भरून ताप आला, लघवीला जळजळ होत होती. दुसऱ्या दिवशी त्या काहीबाही बोलू लागल्या म्हणून आम्ही त्यांना इस्पितळात दाखल केलं. त्याच रात्री मेरोपेनेम नावाचं इंजेक्शन सुरू झालं. दोन दिवसांत त्या शुद्धीवर आल्या, पेज जेवल्या. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या आणि लघवीच्या कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे, रिपोर्ट आले, दोन्हींत ई. कोलाय नावाचे जंतू. डॉक्टरांनी मेरोपेनेम बंद करून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं, तेही दिवसातून एकदाच. काल संध्याकाळी पुन्हा ९९.६ ताप होता. मी विचारलं तर ज्युनियर डॉक्टर म्हणाले की मेरोपेनेम राखीव यादीत आहे, चालू ठेवायचं तर समितीची परवानगी लागते, आणि गरजही नाही.

माझे दीर मस्कतला असतात. त्यांना मी रिपोर्टचा फोटो पाठवला. त्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे १ आणि मेरोपेनेमपुढे ०.२५ असे आकडे आहेत. ते म्हणतात, मेरोपेनेम चौपट जोरदार आहे, आपण योजनेच्या कार्डावर आहोत म्हणून स्वस्तातलं औषध देऊन आईची बोळवण चालली आहे. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना तर कॉलिस्टिन सुरू आहे. त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही? बाजारातल्या एका फार्मसीत आमच्या ओळखीचा मुलगा आहे, तो चिठ्ठीशिवाय मेरोपेनेम द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, डॉक्टरांशी भांड नाहीतर दुसऱ्या इस्पितळात हलवू. मी मधल्यामध्ये अडकले आहे. काय करू?
— सासूबाईंजवळ रात्री बसणारी सून

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. भांडू नका, इस्पितळ बदलू नका आणि ओळखीच्या फार्मसीतून इंजेक्शन तर मुळीच आणू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून सासूबाईंचे उपचार व्यवस्थित चालले आहेत असं मला वाटतं. मी खाटेजवळ नाही, त्यामुळे औषध ठरवणं माझं काम नाही. पण दिरांनी काढलेले मुद्दे सोडवता येतात, आणि उद्याच्या राउंडला डॉक्टरांना काय विचारायचं तेही सांगते. विचारणं हा तुमचा हक्क आहे, त्यात भांडण नाही.

पहिल्या रात्री डॉक्टरांपुढे काय होतं ते बघा. मधुमेह असलेली वयस्कर बाई, थंडी वाजून ताप, भ्रमात बोलणं. जंतुसंसर्ग रक्तात उतरल्याचीच ही लक्षणं, आणि अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. जंतू कोणता हे कळेपर्यंत थांबून चालत नाही. आपल्या देशात लघवीच्या संसर्गात सापडणारे कितीतरी ई. कोलाय सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद देत नाहीत, म्हणून अत्यवस्थ रुग्णाला सुरुवातीलाच मेरोपेनेमसारखं व्यापक, म्हणजे अनेक जातींचे जंतू मारणारं, औषध देतात. तो निर्णय योग्य होता. तिसऱ्या दिवशी तो बदलला तेही योग्यच, कारण तोपर्यंत अंदाजाच्या जागी पुरावा आला होता.

हा पुरावा कसा तयार होतो ते सांगते, कारण माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली. सासूबाईंचं रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी काढून बाटल्यांत घातलं असणार. त्या बाटल्या यंत्रात शरीराइतक्याच उष्णतेला ठेवतात. जंतू वाढू लागले की यंत्र इशारा देतं, मग त्यातला थेंब काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि उरलेला प्लेटवर पसरायचा. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायच्या वसाहती रात्रभरात गुलाबी होऊन उगवतात. त्या वसाहती उचलून वेगवेगळ्या औषधांसमोर ठेवायच्या आणि कोणतं औषध त्यांची वाढ रोखतं ते बघायचं, त्याला आणखी एक रात्र. दोन ते तीन दिवस लागतात ते यामुळे. पावसाळ्यात गावाकडून येणारे बरेच रुग्ण घरात उरलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिन नाहीतर सेफिक्सिम अशा अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या पोटात घालूनच इस्पितळात पोचतात. मग बाटलीत काही उगवत नाही आणि डॉक्टरांना शेवटपर्यंत अंदाजावर चालावं लागतं. तुमच्या सासूबाईंचं कल्चर उगवलं, आणि उगवलेला जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला मरणारा निघाला. हे त्यांचं भाग्य समजा. खरंच सांगते, असा रिपोर्ट हल्ली हाती आला की मला फार बरं वाटतं.

आता ते आकडे. औषधाची किती मात्रा असली की जंतूची वाढ थांबते, ते तो आकडा सांगतो. प्रत्येक औषधाची मोजपट्टी मात्र वेगळी असते, कारण प्रत्येक औषध शरीरात वेगळ्या प्रमाणात पोचतं. म्हणून एका औषधाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघायचाच नसतो. लघवीच्या रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ असा आकडा दिसला तरी तो जंतू त्या औषधाला मरणाराच असतो. उलट ज्याचा आकडा सगळ्यांत लहान ते सगळ्यांत चांगलं, असंही नाही. प्रयोगशाळा प्रत्येक आकडा त्या त्या औषधाच्या मर्यादेशी पडताळून पुढे एस (औषध लागू पडतं), आय (अधलंमधलं) किंवा आर (लागू पडत नाही) लिहिते. तुम्ही ते अक्षर वाचायचं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे एस आहे ना? मग या जंतूला मारायला ते पुरेसं आहे. मेरोपेनेम जास्त जातींचे जंतू मारतं हे खरं, पण सासूबाईंच्या रक्तात जात एकच सापडली आहे.

अक्षर वाचतानाही एक धोका आहे. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात साचतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात ते पुरेसं पोचत नाही. रिपोर्टवर त्यापुढे एस असलं तरी रक्तात उतरलेल्या संसर्गाला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे रिपोर्टवरून औषध निवडणं घरच्यांनी करू नये, मस्कतहून तर नाहीच.

राखीव यादीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक औषधांचे तीन गट केले. पहिला अ‍ॅक्सेस, म्हणजे नेहमीच्या आजारांना आधी वापरायची औषधं, अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी. दुसरा वॉच, ज्यांचा वापर डोळ्यांत तेल घालून करायचा. तिसरा रिझर्व्ह, दुसरं काहीच चालत नसेल तेव्हाची. कॉलिस्टिन या तिसऱ्या गटात येतं. मेरोपेनेम दुसऱ्या गटात आहे, आणि दिरांना हे जरूर सांगा, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही त्याच दुसऱ्या गटात आहे. म्हणजे सासूबाईंना मिळतंय ते औषध किमतीने कमी असलं तरी हलकंसलकं नाही. या जागतिक यादीशिवाय प्रत्येक इस्पितळ आपली वेगळी यादी करतं, आणि मेरोपेनेम बहुतेक ठिकाणी तीत असतं. त्याचं कारण जंतूंच्या वागण्यात आहे. मेरोपेनेम आतड्यातले निरुपद्रवी जंतूही मारतं, आणि त्यातून उरतात ते मेरोपेनेमलाही न जुमानणारे. ते आधी त्या रुग्णाच्याच पोटात घर करतात. पुढच्या वेळी लघवीचा संसर्ग झाला तर त्यांचाच होऊ शकतो. मधुमेह असलेल्या बाईला हा संसर्ग पुन्हा होण्याची शक्यता असतेच. तेव्हा मेरोपेनेम उपयोगी पडावं म्हणून आज ते गरजेपेक्षा एक दिवसही जास्त द्यायचं नाही. इतरांच्या भल्याचा विचार यात आहे, पण पहिला लाभ सासूबाईंचाच आहे.

इतरांचा आकडाही लहान नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे.

शेजारच्या खाटेकडे बघून तुम्हाला वाटतंय की त्यांना अधिक चांगलं औषध मिळतंय. नाही हो. कॉलिस्टिन लागतं ते बहुधा मेरोपेनेमही हरल्यावर. हे जुनं औषध आहे. किडनीला इजा होते म्हणून १९७०च्या दशकात ते जवळपास बाजूला पडलं होतं. नवी औषधं निष्प्रभ होऊ लागली तेव्हा नाइलाजाने ते पुन्हा हाती घ्यावं लागलं. ते चालू असताना रुग्णाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वरचेवर तपासतात, लघवी मोजतात. कॉलिस्टिन माणसांसाठी निकामी होऊ नये म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या, जनावरं आणि मत्स्यपालनासाठी त्याची निर्मिती आणि विक्री बंद केली. त्या गृहस्थांवर काय वेळ आली असेल याचा विचार करा आणि त्यांच्या घरच्यांशी मायेने बोला.

आणि हात धुवा. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे. आपल्याकडे वॉर्डात माणुसकी फार. शेजारच्याला उठून बसवायचं, त्याची लघवीची पिशवी रिकामी करायची, त्याच्या तोंडाला पेजेचा पेला लावायचा आणि त्याच हातांनी वळून आपल्या माणसाची चादर सारखी करायची. हे जंतू हवेतून उडत येत नाहीत, बहुतेकदा असे हातांवरून येतात. मदत जरूर करा, पण आधी आणि नंतर साबणाने किंवा खाटेपाशी ठेवलेल्या सॅनिटायझरने हात स्वच्छ करा. त्यांच्या खाटेवर बसू नका, डबा तिथे टेकवू नका, पिशवीचं काम सिस्टरांवर सोडा. डॉक्टर हात न धुता एका खाटेवरून दुसरीवर आले तर त्यांनाही नम्रपणे आठवण करा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

समितीच्या परवानगीने तुम्ही धास्तावलात ते मला समजतं. माणूस अत्यवस्थ आणि औषधासाठी सही हवी म्हटलं की कोणाच्याही पोटात गोळा येईल. चांगल्या व्यवस्थेत पहिला डोस सहीसाठी अडत नाही, सासूबाईंचाही अडला नाही. परवानगी लागते ती पुढे चालू ठेवायला. ४८ ते ७२ तासांनी संसर्गतज्ज्ञ किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर आणि इस्पितळाचे फार्मासिस्ट फाइल पुन्हा बघतात: काय उगवलं, ताप उतरतोय का, व्यापक औषध अजून हवं का, शिरेतून द्यायचं ते गोळीवर आणता येईल का. इस्पितळात या कामाला अँटिबायोटिक स्टुअर्डशिप म्हणतात. सगळीकडे ती अशी चालत नाही हेही मला ठाऊक आहे. कुठे समिती फक्त कागदावर असते, कुठे फॉर्मवर न वाचता सही होते, कुठे रात्री विचारायला कोणी नसतं. तुमच्याकडे मात्र रिपोर्ट आला त्याच दिवशी औषध बदललं. म्हणजे कोणीतरी तो रिपोर्ट वाचला. याला मी मोठी किंमत देते.

जोर कधी धरायचा तेही सांगते. सासूबाई पुन्हा भ्रमात बोलू लागल्या, श्वास जोरात होऊ लागला, रक्तदाब उतरला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा ताप पुन्हा हुडहुडी भरून चढला, तर रात्री दोन वाजले असले तरी ड्युटी डॉक्टरांना उठवा आणि वरिष्ठांशी बोलायला लावा. त्या स्थितीत मेरोपेनेम किंवा दुसरं काही हवं असेल तर ते लगेच मिळायला हवं, सही मागाहून. समितीचं नाव सांगून कोणी थांबवलं तर ऐकून घेऊ नका.

कालचा ९९.६ मात्र या यादीत बसत नाही. किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गात योग्य औषध चालू असूनही दोन-तीन दिवस थोडा ताप येत राहतो. एका आकड्यापेक्षा दिवसागणिक कल बघा: जेवतात का, ओळखतात का, रक्तदाब स्थिर आहे का. त्या पेज जेवल्या हे तुम्ही लिहिलंत, तो मला थर्मामीटरइतकाच महत्त्वाचा पुरावा वाटतो.

योजनेच्या कार्डाचा संशय काढून टाका असं मी नुसतं म्हणणार नाही, तपासून बघा. रिपोर्टवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे आर असतं आणि तरी तेच दिलं असतं, तर मी स्वतः तुम्हाला तक्रार करायला सांगितलं असतं. रक्तातला ई. कोलाय सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा असेल तर मेरोपेनेम किंवा त्याच्या कुळातलं औषधच लागतं, तिथे काटकसर जीवघेणी ठरू शकते. तुमच्या रिपोर्टवर एस आहे. लाखभर रुपये रोख मोजणाऱ्या रुग्णालाही अशा रिपोर्टवर हेच औषध मिळायला हवं.

ओळखीच्या मुलाला निरोप द्या की नको. मेरोपेनेम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दोन्ही शेड्यूल एच-१ या औषधविक्रीच्या सरकारी यादीत आहेत. हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. त्या मुलाची नोकरीच काय, फार्मसीचा परवानाही जाऊ शकतो. आणि बाहेरून आणलेलं इंजेक्शन शिरेत देणार कोण? डॉक्टरांच्या नकळत दिलं तर काय बिघडू शकतं त्याचं एक उदाहरण देते. फिट येऊ नये म्हणून जे व्हॅल्प्रोएट देतात, त्याची रक्तातली पातळी मेरोपेनेमने झपाट्याने घसरते आणि फिट येऊ शकते. सासूबाई घरी जी जी औषधं घेतात त्यांची पाकिटं एका पिशवीत भरून उद्या डॉक्टरांना दाखवा, आयुर्वेदिक काढे-गोळ्यांसकट.

राउंडला विचारायचं ते असं. रक्तातला आणि लघवीतला जंतू एकच आहे ना, आणि चालू औषधाला दोन्हींत एस आहे ना? सोनोग्राफीत किडनीत पू, खडा किंवा अडथळा नाही ना? मधुमेहात हा प्रश्न फार मोलाचा, कारण पू किंवा अडथळा राहिला तर कुठल्याही औषधाने ताप उतरत नाही आणि दोष औषधाला लागतो. एकूण किती दिवस द्यायचं? गुंतागुंत नसेल आणि रुग्ण सुधारत असेल तर अशा संसर्गाला १४ दिवसांऐवजी ७ दिवस पुरतात असं चाचण्यांत दिसलं आहे. त्यामुळे डॉक्टरांनी सात म्हटलं तर कमी पडेल असं समजू नका. गोळीवर कधी येता येईल? नाही जमलं तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसातून एकदाच असतं, तेव्हा उरलेले डोस घराजवळच्या आरोग्य केंद्रात घेता येतील का? चवथीला त्या घरी असाव्यात ही तुमची इच्छा असणार. हा रस्ता निघाला तर बघा.

दिरांचं काय करायचं? ते दूर आहेत, घाबरलेले आहेत आणि हातात फक्त फोटो आहे. त्यांना तुम्ही समजावत बसू नका, ते ओझं तुमचं नाही. डॉक्टरांना विनंती करून राउंडनंतर पाच मिनिटं स्पीकरवर बोलणं करून द्या, यजमानांनाही तिथे उभं करा. एकदाच, सगळ्यांसमोर. त्यानंतर घरातर्फे डॉक्टरांशी एकाच माणसाने बोलायचं असं ठरवा. माझ्या मते ते माणूस तुम्हीच असावं, कारण रात्रभर तुम्ही बघता.

शेवटी पत्रात नसलेली एक गोष्ट. दाखल करताना सासूबाईंना लघवीची नळी घातली असेल तर ती अजून का आहे, हे उद्याच विचारा. त्या शुद्धीवर आहेत, आधाराने उठत असतील तर बहुधा ती काढता येईल. नळी जितके दिवस राहील तितका नवा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि तो वॉर्डातल्या जंतूंचा असतो. घरी गेल्यावर ताप नाही, जळजळ नाही, तर निव्वळ खात्रीसाठी पुन्हा लघवीचं कल्चर करू नका. वयस्कर मधुमेही बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्यांना औषध लागत नाही. साखर मात्र नियमित तपासा, आणि थंडी वाजून ताप आला तर घरातली गोळी न देता आधी इस्पितळ गाठा. या वेळचे दोन्ही रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या मधुमेहाच्या फाइलला लावून ठेवा. पुढच्या वेळी पहिल्या रात्री औषध निवडताना डॉक्टरांना ते आधी लागतील.